मराठी समजणारा फोन अमडापुरात

"ताई, हा चालन का?"

अमडापूरच्या बसस्टँडसमोर माझं मोबाईलचं दुकान होतं, तेव्हा हा प्रश्न मला दोन प्रकारची माणसं विचारायची. गिऱ्हाईक विचारायचं, तेव्हा त्याचा अर्थ असायचा, घेतला तर टिकेल ना. खामगावच्या डीलरचा माणूस विचारायचा, तेव्हा अर्थ असायचा, तुमच्याकडे खपेल ना. मी दोघांनाही सांगायचे, बाजाराच्या दिवशी या, तेव्हा सांगते.

कारण नवा फोन जाहीर होतो मोठ्या शहरात, मोठ्या पडद्यासमोर. पेपरात पानभर जाहिरात येते. कॅमेरा कसा, आतली मशीन किती वेगाची, काच कोणत्या जातीची. आमच्याकडे तो फोन आला, की त्याची परीक्षा वेगळी असते. पुरुषमाणूस आधी तो शर्टाच्या वरच्या खिशात टाकतो आणि माझ्यासमोर कमरेत वाकतो. विहिरीवर मोटर सुरू करायला वाकलं की खिशातून फोन थेट पाण्यात जातो, हे प्रत्येकाच्या घरात एकदा तरी झालेलं. म्हणून वाकून बघायचं. मग टॉर्च लावून त्यावर तळहात ठेवायचा, उजेड बोटांतून लाल दिसला पाहिजे. मग गाणं लावून फोन काउंटरवर ठेवायचा आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या पानठेल्यापाशी उभं राहून ऐकायचं. बायकांची पद्धत निराळी. त्या फोन मुठीत धरून बघतात. कापूस वेचताना कमरेला ओटी बांधलेली असते, दोन्ही हात बोंडांवर चालू असतात, तेव्हा फोन ठेवायचा कुठे, हा त्यांचा प्रश्न. एवढं सगळं पार पडलं, की मग कॅमेरा.

मी फोन कधी पाहिलाच नाही म्हणा ना. मी गिऱ्हाईक कसं वाकतं ते पाहायचे. त्यावरून सांगितलेलं बहुतेक खरं निघायचं, आणि त्याचा मला थोडा तोरा होता, तो अजून आहे.

दुकान आम्हा दोघांचं. आधी तिथे आमच्या यांचा एसटीडी बूथ होता. बूथचे दिवस संपले तसं त्यांनी सोल्डरिंग शिकून घेतलं आणि काउंटर माझ्याकडे आलं. विकायचं मी, दुरुस्त करायचं त्यांनी. ते मागच्या टेबलावर डोळ्याला भिंग लावून बसायचे आणि दिवसभरात मोजून दोनचार वाक्यं बोलायचे.

आमचा सगळा धंदा दसऱ्यानंतरचा. आधी सोयाबीन निघतं, मग कापूस घरात येऊ लागतो आणि लोक दुकानात येऊ लागतात. बीटी कपाशी नवी आली तेव्हाची काही वर्षं आम्हाला सोन्यासारखी गेली. मग गुलाबी बोंडअळीचं साल आलं. बाहेरून हिरवंगार बोंड, फोडलं की आत अळी. जो तो एकेक बोंड खिशात घालून गावात दाखवत फिरायचा. त्या हिवाळ्यात माझ्याकडे नवा फोन कुणी मागेना. जुन्याची पिन बसवून द्या, फुटकी काच चिकटवून द्या, एवढंच. यांच्या टेबलावर गर्दी आणि माझं काउंटर रिकामं.

नेमक्या त्या दिवसांत एका कंपनीने मराठी समजणारा फोन जाहीर केला. टाइप करायचं नाही, बटण दाबायचं आणि बोलायचं. तो ऐकणार आणि मराठीत उत्तर देणार. फोन बाजारात यायच्या आधी खेड्यातल्या दुकानांत दाखवायला कंपनीने माणसं पाठवली. आमच्याकडे आला तो अनिकेत. पुण्याचा, सडपातळ, फार गोड बोलणारा. चहा दिला तरी तो "आपले आभार" म्हणायचा आणि आमचे हे भिंग काढून त्याच्याकडे बघायचे.

त्याला माझ्याकडून दोन गोष्टी हव्या होत्या. फोन चालेल का यावर माझं मत, आणि एका पेटीचं बुकिंग. बुकिंगचा माल परत घेत नसत. त्या साली एक पेटी दुकानात पडून राहिली असती, तर पुढच्या वर्षी दुकान उघडण्याचीच पंचाईत होती. हे मागूनच म्हणाले, "नको."

मी म्हटलं, "उद्या बाजार आहे. अनिकेतदादा, तुम्ही फोन घेऊन इथंच बसा."

बाजाराच्या दिवशी पहिले आले सुखदेवभाऊ. शिवारात त्यांच्याइतकं चिकित्सक गिऱ्हाईक नव्हतं. बैलसुद्धा त्यांनी तीन बाजार बघून घेतलेला. त्या साली त्यांनी कपाशी उपटून रानात हरभरा पेरला होता, पण बोलण्यातली ऐट कमी झालेली नव्हती. अनिकेतने फोन हातात घेतला आणि स्वच्छ विचारलं, "उद्या पाऊस पडेल का?"

फोनमधली बाई म्हणाली, "उद्या पावसाची शक्यता नाही. आकाश निरभ्र राहील."

दुकानासमोरची पाच-सहा माणसं पुढे सरकली. सुखदेवभाऊंनी फोन घेतला, तोंडाजवळ नेला आणि एसटीडी बूथमध्ये बोलायचे तशा आवाजात ओरडले, "मले कापसाचा भाव सांग."

फोनने थोडा विचार केला आणि एकाखाली एक फोटो दाखवले. भाजीचे मळे, फुलांचे मळे, उसाचे मळे.

"हे काय बे?" सुखदेवभाऊ म्हणाले. "म्या कापूस म्हनलं, हे वांगे दाखवून राह्यली."

अनिकेत म्हणाला, "काका, थोडं हळू आणि स्पष्ट बोला."

सुखदेवभाऊंनी आवाज खाली आणला. "कापसाचा भाव काऊन नाही सांगत वं?"

या खेपेला फोनने बायकांचे गाऊन दाखवले. झालरीचे, फुलाफुलांचे, लांब बाह्यांचे. सुखदेवभाऊंनी फोन चटक्यासारखा काउंटरवर ठेवला. पानठेल्यावरून बघायला आलेले लोक इतके हसले, की बसमधली माणसं खिडकीतून डोकवायला लागली. हसताना मी यांच्याकडे पाहिलं, तर भिंगाखालून यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. लग्नानंतर मी त्यांना इतकं हसताना पाहिलं नव्हतं.

मग दुकानासमोर जत्रा भरली. ज्याला त्याला फोनशी बोलायचं. "चिखलीची गाडी गेली का आहे?" म्हणून विचारलं तर फोनने चिखल कसा काढावा ते सांगितलं. त्यात एकाला युक्ती सापडली, की पुस्तकातल्यासारखं बोललं तर बाईला कळतं. झालं, सगळे पुस्तकातलं बोलायला लागले. सुखदेवभाऊंनी घसा साफ केला, हात जोडले आणि म्हणाले, "कृपया आम्हास कापसाचा भाव सांगण्यात यावा."

फोनने सांगितला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुखदेवभाऊ खूश झाले, पण लगेच मला म्हणाले, "पन ताई, घरच्या फोनशी मी सोयरिकीले आल्यासारखा किती दिस बोलू?"

मला वाटलं, मत ठरलं. फोन छान, करमणूक छान, पण विकणार नाही. अनिकेतलाही ते कळलं असावं. तो स्टुलावर बसून फोनची काच पुसत होता. मला त्याचं वाईट वाटलं. फोन त्याने बनवला नव्हता, पण त्याचा त्याच्यावर जीव होता.

दुपारी उन्हं चढली तशी गर्दी पांगली आणि जैबूनखाला आमच्या सावलीत येऊन टेकली. ती बांगड्या विकायची. डोक्यावर टोपली घेऊन आसपासची गावं हिंडायची आणि बाजाराच्या दिवशी आमच्या दुकानाच्या पायरीशी बसायची. माझ्या हातात कायम तिच्याच बांगड्या असत. तिची एकुलती एक मुलगी शबाना लोणारकडे सुलतानपूरला दिलेली. खालाला अक्षर किंवा आकडा ओळखता येत नव्हता. तिच्याकडे बटणाचा फोन होता. आला तर हिरवं बटण दाबून घ्यायची, पण लावायचा झाला की फोन दुसऱ्याच्या हातात द्यावा लागायचा. गावात असली की माझ्या, बाहेरगावी असली की तिथल्या कुणाच्याही. लावून देणारा माणूस शेजारीच उभा असायचा. त्यामुळे शबानाच्या घरी काय चाललंय, हे खालाच्या आधी निम्म्या तालुक्याला ठाऊक असायचं.

मी अनिकेतला म्हटलं, "हिचं सिम घाला तुमच्या फोनमध्ये. शबाना नावाने नंबर ठेवा. बघू."

खालाने ओढणीने हात पुसून फोन धरला. "काय म्हनू?"

"शबानाले फोन लाव म्हण."

तिने म्हटलं. फोन म्हणाला, मला समजलं नाही. तिने परत म्हटलं, फोनने परत तेच सांगितलं. तिसऱ्यांदा ती फोन माझ्याकडे द्यायला लागली आणि स्वतःशीच म्हणाली, "क्या मालूम कौनसी जबान समझती ये."

मागून यांचा आवाज आला, "हिंदी लाव ना मंग."

अनिकेत थबकला. "सर, पण हा फोन मराठीसाठी म्हणून—"

"लाव तं खरं."

अनिकेतने भाषा बदलली. खाला मला म्हणाली, "आता?" मी म्हटलं, "घरी बोलतेस तसं." तिने फोन तोंडासमोर धरला, जवळच्या माणसाला सांगावं तसं सांगितलं, "शबाना को फोन लगा."

आणि फोन लागला.

पलीकडे शबानाने उचलला. आवाज मोठा होता, आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं. ती सवयीने म्हणाली, "हां ताई, दो अम्मी को."

आजवर पहिला आवाज नेहमी लावून देणाऱ्याचा असायचा ना.

खाला म्हणाली, "मैंच हूँ."

"कौन लगाके दिया?"

"कोई नहीं दिया. मैंने लगाई."

मग शबाना हळू म्हणाली, "अम्मी, तुम अकेली हो?"

खालाने आमच्याकडे पाहिलं. माझ्याकडे, अनिकेतकडे, दारात उभ्या सुखदेवभाऊंकडे. फोन कानाला लावला, टोपली तशीच टाकली आणि पायरी उतरून चालू लागली. बसस्टँड ओलांडून पलीकडे चिंचेखाली गेली आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली.

अनिकेत उठला. "ताई, तो डेमो पीस आहे. हरवला तर माझ्या पगारातून—"

"बसा," मी म्हटलं. "तिची टोपली इथं आहे."

सुखदेवभाऊ दुसरीकडे तोंड करून उभे राहिले. मग एकाएकी त्यांना टोपलीतल्या बांगड्या नीट लावायचं सुचलं आणि ते खाली बसून रंगांप्रमाणे बांगड्या लावत बसले.

खाला बऱ्याच वेळाने परत आली. काय बोलणं झालं, ते तिने सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. फोन काउंटरवर ठेवून एवढंच म्हणाली, "गरम झाला हो लय." मग टोपलीकडे पाहून म्हणाली, "हे कोनी लावलं? लाल अन् गुलाबी एकाच डझनात घातले."

ती गेल्यावर मी अनिकेतला सांगितलं, एक पेटी लिहा.

हे टेबलावरून उठून आले. हे असं क्वचित व्हायचं. "कपाशी गेली," ते म्हणाले, "लोकं पिना झाळून नेऊन राह्यले अन् तू पेटी मांगून राह्यली? अन् मराठी फोन हिंदीत विकाचा?"

मी म्हटलं, "ज्यायले वाचता येत नाही, त्यायच्यासाठी आजवर एक तरी फोन आपल्या दुकानात आला का?"

ते म्हणाले, "नाही आला." आणि जाऊन परत भिंग लावलं. आमच्या घरात याला होकार म्हणतात.

पेटी आली. पहिला फोन जैबूनखालाने नेला. बाकीचे विकायला मी माझी पद्धत बदलली. पाऊस, भाव, आकाश निरभ्र, हे सगळं बंद. माणूस आलं की मी विचारायचे, "कोनाले फोन लावाचा?" ते नाव फोनमध्ये घालायचे, हिंदी लावायचे आणि फोन त्याच्या हातात देऊन आत चहा करायला जायचे. परत येईपर्यंत विकला गेलेला असायचा. मेंढ्या घेऊन गावोगाव हिंडणारे लोक घेऊन गेले. सुना मुंबई-सुरतेला असलेल्या म्हाताऱ्या घेऊन गेल्या. एक आजी तर फोनला "बेटी" म्हणायची, आणि फोन तेवढं सोडून बाकीचं समजून घ्यायचा. संक्रांतीच्या आत पेटी संपली आणि मी दुसरी मागवली. बोंडअळीच्या साली, तालुक्यात दुसरी पेटी मागवणारं दुकान आमचं एकटं होतं, असं डीलरच म्हणाला. त्याने मला एक भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. ते कधीच वेळेवर चाललं नाही, पण मी काढलं नाही.

सुखदेवभाऊंनी मात्र फोन घेतला नाही. "मी माया कापसाबद्दल हिंदीत नाही बोलत," असं त्यांनी जाहीर केलं. त्यांच्या मंडळी कौसल्याबाई आल्या आणि स्वतःसाठी घेऊन गेल्या. माहेरी चार बहिणी, चौघींची नावं घातली. आठवड्याभराने सुखदेवभाऊ तक्रार घेऊन आले. "ताई, काय करून ठेवलं हे? बाई दिवसभर चुलीपाशी हिंदी बोलून राह्यली. मी भाकर मांगतली तं म्हने, रुको जरा."

आता तो फोन चालला की नाही, ते ज्याने त्याने ठरवावं. शहरात तो पडला. ज्यांना टाइप करता येतं, त्यांना चारचौघांत फोनशी बोलायची लाज वाटली म्हणे. वर्षभरात कंपनीने तो बंद केला. आमच्याकडे मात्र तो फोन बंद झाल्यावरही वर्षानुवर्षं दुरुस्तीला यायचा. काच फुटलेली, पाठ निघालेली, रबर लावून बांधलेला. हे म्हणायचे, नवा घ्या आता. माणूस म्हणायचं, नको, याले मायं बोलनं समजते.

एक गोष्ट मात्र माझ्या तेव्हा लक्षात आली नाही, ती नंतर जाणवली. बूथच्या दिवसांपासून लोकांचे फोन मी लावून द्यायचे. कुणाकडे पाळणा हलला, कुणाची सोयरीक जमली, कोण रुसून माहेरी आलं, सगळं पहिलं माझ्या कानावर यायचं. त्या दोन पेट्यांनी माझा तो मान गेला. खाला पायरीवर बसायची, पण बोलायचं झालं की चिंचेखाली जायची. शबानाला मुलगा झाला, ते मला गावभर झाल्यावर कळलं. मी रुसले, तर खालाने माझ्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या आणि म्हणाली, "तुमीच विकला ना ताई फोन."

पुढे दोन-तीन वर्षांनी, एका दुपारी अनिकेत परत आला. अंगाने भरला होता, लग्न झालं होतं, कंपनी बदलली होती. आता त्याचं काम वेगळं होतं. जागोजागची माणसं कशी बोलतात, ते रेकॉर्ड करून न्यायचं, म्हणजे मशीनला तसली मराठीही शिकवता येईल. कुठल्या गावी जायचं ते ठरवताना त्याने सगळ्यात आधी आमचं नाव सुचवलं होतं म्हणे. मी खालाला, सुखदेवभाऊंना आणि कौसल्याबाईंना निरोप धाडला. त्याने प्रत्येकाला नीट समजावून सांगितलं, परवानगी घेतली, काउंटरवर छोटं यंत्र ठेवलं आणि म्हणाला, "काका, काहीही बोला. शेतीबद्दल बोला."

सुखदेवभाऊ ताठ बसले. "नमस्कार," ते म्हणाले. "आमच्या भागामध्ये गतवर्षी पर्जन्यमान समाधानकारक असून, पिकांची परिस्थिती उत्तम होती."

अनिकेतने यंत्र थांबवलं. "काका, घरी बोलता तसं."

"घरी असंच बोलतो मी," सुखदेवभाऊ म्हणाले. कौसल्याबाईंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

कौसल्याबाईंची पाळी आली. त्यांनी पदर सावरला आणि रेडिओवरच्या बाईच्या आवाजात सांगितलं, "मी प्रातःकाळी उठून स्वयंपाक करते." खाला तर मराठी सोडून अशा अदबीच्या उर्दूत शिरली, की आम्हाला त्यातलं "तशरीफ" सोडून काही कळलं नाही. अनिकेतने कपाळाला हात लावला. त्या एका बाजाराच्या दिवसात आमच्या गावाने फोनपुढे कसं बोलायचं ते शिकून घेतलं होतं, आणि आता ते विसरायला तयार नव्हतं.

मी चहा आणला. सुखदेवभाऊंनी कपातला चहा बशीत ओतला, तशा कौसल्याबाई म्हणाल्या, "साखर कमी टाकाले सांगतली ना डॉक्टरनं तुमाले?"

"ताईनं टाकली. म्या काय मांगतली?"

"तुमी नाही कवा काही मांगतच. त्या बियान्याच्या थैल्या कोनी मांगतल्या? कोठीत पोत्याखाली लपवून ठेवल्या त्या?"

सुखदेवभाऊंची बशी तोंडाशी थांबली. "तुले कोनं सांगतलं?"

"यंदा कपाशी नाही लावत म्हनलं होतं का नाही? जैबूनबी, तुमच्यासमोर म्हनलं होतं यायनं."

"हाव," खाला म्हणाली. "मागल्या पोळ्याले म्हनलं होतं. मी बांगड्या भरून राह्यली होती तवा."

"म्हनलं होतं," सुखदेवभाऊ म्हणाले. "पन वावर पाह्यलं का तू? काळं वावर मले सोयाबीनसाठी नाही पाहावत. कपाशी फुटली म्हनजे कसं पांढरं होते, तुयंच तोंड कसं होते तवा, सांग बरं? अळी आली तं आली. तिले मी एकटाच भेटलो का?"

"मंग लपवून काऊन ठेवल्या?"

"तू अशी बोंबलतं म्हनून."

कौसल्याबाईंना हसू आलं आणि ते त्यांनी पदराआड लपवलं. मग त्या म्हणाल्या, दोन एकरच लावा, बांधाच्या कडेनं तूर घ्या. सुखदेवभाऊ म्हणाले तीन. खाला म्हणाली, अडीच करा अन् मले वेचाले बलवा. आमचे हे टेबलावरून उठून आले आणि म्हणाले, अडीच बरोबर आहे. अनिकेत इतका वेळ हाललाही नव्हता. त्याच्या चहावर साय आली होती, आणि यंत्रावरचा लाल दिवा केव्हापासून चालू होता ते त्याचं त्यालाच माहीत.

सुखदेवभाऊंनी बशी ठेवली, मिशा पुसल्या आणि ताठ बसले. "हं, अनिकेत भाऊ. चालू करा. आता बराबर बोलतो."

"झालं, काका," अनिकेत म्हणाला.

"काय झालं?" सुखदेवभाऊ म्हणाले. "म्या तं आजून तोंडच नाही उघडलं."